घरच्या घरी रबरी गास्केट आणि सील : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुकानात कुणी पॅकिंग म्हणतं, कुणी वायसर, कुणी नुसतं "रिंग द्या" म्हणतं. खाली हे सगळेच धरले आहेत. दोन कडक भागांमध्ये दाबून बसणारा आणि पाणी, हवा, धूळ अडवणारा मऊ तुकडा, एवढाच अर्थ घ्या.

घरी केलेलं गास्केट खरंच टिकतं का?

पलीकडे काय आहे त्यावर ठरतं. पलीकडे नुसतं पाणी किंवा हवा असेल आणि दाब जवळपास नसेल, तर नीट केलेलं सिलिकॉनचं गास्केट वर्षानुवर्षं चालतं. हवाबंद डब्याचं झाकण, मिक्सरच्या भांड्याचं झाकण, फ्लशच्या टाकीतला वायसर, टॉर्चच्या बॅटरीचं टोपण, पावसात पाणी आत घेणारी खिडकी, बाहेरच्या दिव्याची काच, कूलरच्या पंपाचा सांधा, ही सगळी घरी करण्याजोगी कामं. वाफेचा दाब, गॅस, पेट्रोल, ब्रेकचं तेल यांपैकी काहीही पलीकडे असेल तर हात लावू नका. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. बहुतेकांची कारणं पुढे दिली आहेत.

पण बाजारात दहा-वीस रुपयांत मिळतं. मग खटाटोप कशाला?

गोल असेल तर खटाटोप करूच नका. ओ-रिंग, म्हणजे गोल दोरीसारखी रबरी कडी, ठरावीक मापांत बनतात आणि जुना नमुना घेऊन गेलात की दुकानदार बहुतेक वेळा जुळती काढून देतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, बाकी शहरांत ऑइल सील आणि बेअरिंगची दुकानं. आधी तिथे जा.

घरी करण्यात अर्थ आहे तो आकार विचित्र असतो तेव्हा: आयताकृती, कोपऱ्यात वळलेला, मधे खाच असलेला, एका बाजूला ओठ असलेला. किंवा मॉडेल बंद पडलेलं असतं. किंवा कंपनी नुसतं रबर विकत नाही, अख्खं झाकणच घ्यायला लावते. हा शेवटचा प्रकार हल्ली फार वाढलाय, आणि माझ्या मते घरी गास्केट करायला शिकण्याचं तेवढं एक कारणही पुरेसं आहे.

नेमकं कोणतं साहित्य घ्यायचं?

घरगुती कामासाठी उत्तर बहुतेक वेळा सिलिकॉन. नेहमीचं रबर घरी का करता येत नाही, तर त्याला गंधक, उष्णता आणि दाब लागतो. गंधक मिसळून तापवलं की कच्चं रबर चिवट होतं, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं आणि कारखाने आजही मुळात तेच करतात. सिलिकॉनचे काही प्रकार मात्र खोलीच्या तापमानालाच घट्ट होतात. त्यांना आरटीव्ही म्हणतात.

हार्डवेअरच्या दुकानात पहिला हाती लागतो तो नळकांड्यातला, गनने दाबून काढायचा. त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तो ॲसिटिक प्रकार. स्वस्त, काचेला घट्ट धरतो, पण सुकताना आम्ल सोडतो. पितळ, तांबं, संगमरवर आणि सिमेंटजवळ वापरू नका. नळकांड्यावर "न्यूट्रल" लिहिलेलं असेल तर ही अडचण नसते. थोडा महाग पडतो, पण धातूच्या कामाला तोच घ्या. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध असतं, म्हणून ते खाण्यापिण्याच्या वस्तूंना आणि माशांच्या टाकीला चालत नाही.

दुसरा प्रकार दोन भागांचा. एका डब्यात पातळ किंवा मळण्याजोगा मूळ पदार्थ, दुसऱ्यात हार्डनर. साच्यात ओतून नेमक्या मापाचं गास्केट करायचं तर हाच. ऑनलाइन आणि मोठ्या शहरांत शिल्पकामाचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतो.

परदेशी व्हिडिओंमध्ये सुगरू नावाची छोटी पाकिटं दिसतात. एका आयरिश डिझायनर बाईंनी ती लंडनमध्ये तयार करून २००९ मध्ये बाजारात आणली. तेही सिलिकॉनच, हाताने आकार द्यायचा, ३ मिलिमीटर जाडी साधारण २४ तासांत पक्की होते. केबलची तुटकी मान, हँडल, छोटा पाय यांना छान. गास्केटपुरतं म्हणाल तर नळकांड्यातलं साधं सिलिकॉन तेच काम बऱ्याच कमी पैशांत करतं.

एम-सील चालेल का? फेविक्विक?

नाही. एम-सील हे इपॉक्सी आहे, सुकलं की दगड. गास्केटला दबून परत फुगता आलं पाहिजे. एम-सीलने फुटलेला पाइप बुजवा, उघड-बंद होणारा सांधा नाही. फेविक्विकचा एक उपयोग आहे, तो खाली ओ-रिंगच्या प्रश्नात.

नळकांड्यातलं सिलिकॉन साच्यात भरलं. आठवडा झाला, आत अजून चिकटच आहे. माल खराब होता का?

माल बहुधा चांगला होता. एका भागाचं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर पक्कं होतं आणि ते बाहेरून आत. दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर, तेही उघड्या बाजूने. बंद प्लास्टिकच्या साच्यात ओलावा शिरायला वाटच नसते, मग वर साय धरते आणि आत महिनाभर लगदा राहतो. कोकणात जुलैमध्ये जे एका रात्रीत होतं त्याला मराठवाड्यात एप्रिलमध्ये दोन-तीन दिवस लागू शकतात, हेही लक्षात ठेवा. खोलीत ओला टॉवेल टांगला तरी फरक पडतो.

उपाय तीन. जाडी कमी ठेवा आणि एक बाजू उघडी ठेवा. किंवा साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा करा, तो स्वतःच ओलावा धरून असतो. किंवा सिलिकॉनमध्येच ओलावा मिसळा, म्हणजे पुढची युक्ती.

कॉर्नफ्लॉवरची युक्ती म्हणजे काय?

ॲसिटिक सिलिकॉनमध्ये कॉर्नफ्लॉवर मिसळून मळायचं. पिठाच्या कणांना चिकटलेला ओलावा आतपर्यंत पोचतो आणि गोळा आतून-बाहेरून एकदमच घट्ट होऊ लागतो. एक वाटी सिलिकॉनला पाव ते एक वाटी पीठ. जितकं पीठ जास्त तितका गोळा घट्ट आणि वेळ कमी. पोळीच्या कणकेसारखा, हाताला न चिकटणारा गोळा झाला की पाच-दहा मिनिटांत आकार देऊन मोकळं व्हायचं. हाताला भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावा, चिकटणार नाही. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

पण या युक्तीचं जितकं कौतुक होतं तितकी ती गास्केटला लायक नाही. पीठ पाणी पितं. सतत ओल्या जागी असं गास्केट फुगतं, काळं पडतं, बुरशी धरतं. कोरड्या जागी, धूळ अडवायला, खडखड थांबवायला, उपकरणाचे पाय करायला वापरा. पाण्यासाठी नको. पाण्याच्या कामाला दुसरा सोपा मार्ग आहे: एका भांड्यात पाणी घेऊन त्यात भरपूर साबण विरघळवा, सिलिकॉन थेट त्या पाण्यात दाबून सोडा आणि पाण्याखालीच बोटांनी मळा. मिनिटा-दोन मिनिटांत ते बोटं सोडतं आणि आकार देता येतो. यात पीठ नसल्यामुळे बुरशीचा प्रश्न येत नाही.

साच्याशिवाय, जागेवरच गास्केट घडवता येतं का?

येतं, आणि तुम्हाला एकच पद्धत शिकायची असेल तर हीच शिका. साच्याच्या निम्म्या कटकटी यात येतच नाहीत, कारण साचा म्हणजे तुमचाच सांधा.

दोन्ही बाजू आधी पूर्ण साफ करा. जुनं रबर, गंज, तेलकटपणा, सगळं. जिथे गास्केट कायमचं चिकटून राहायला हवं त्या बाजूला सिलिकॉनची एकसलग वात सोडा. वात तुटू देऊ नका आणि स्क्रूच्या भोकांच्या आतल्या बाजूने न्या. समोरच्या बाजूला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा किंवा गुळगुळीत पॅकिंग टेप लावा. टेपला सिलिकॉन धरत नाही. आता दोन्ही भाग जोडा, पण स्क्रू फक्त बोटांनी, वात थोडी पसरेल इतकेच आवळा. एक दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी उघडा, व्हॅसलीन पुसा, आत-बाहेर आलेली झालर ब्लेडने कापा, परत जोडा आणि स्क्रू अर्धा आटा आवळा.

सगळं मर्म त्या अर्ध्या आट्यात आहे. पहिल्याच दिवशी पूर्ण आवळलं तर सिलिकॉन बाहेर फेकलं जातं, मधे कागदाएवढा थर उरतो आणि त्यात दबण्याजोगं काही राहत नाही. आधी पक्कं होऊ दिलं आणि मग दाबलं, तर ते स्प्रिंगचं काम करतं.

साचा करायचाच असेल तर?

जुनं गास्केट शाबूत असेल तर तेच नमुना म्हणून वापरा. सपाट फरशीवर प्लास्टिकचा डबा, त्यात गास्केट, वरून प्लास्टर ऑफ पॅरिस. त्याआधी गास्केटला आणि डब्याला साबणाचं पाणी लावा. तुटलेलं असेल तर तुकडे कागदावर जोडून आकार काढा. फुगलेल्या किंवा आकसलेल्या रबरावर मात्र विश्वास ठेवू नका, माप खोबणीचंच घ्या. खोबणीचा ठसा शाडूच्या मातीत घेतला तरी चालतो. हल्ली थ्रीडी प्रिंटवर साचा करणारेही बरेच आहेत. प्रिंटवरचे थर गास्केटवर जसेच्या तसे उमटतात आणि पाणी त्या रेघांतून वाट काढतं, म्हणून आतली बाजू घासून घ्या.

दोन भागांचं सिलिकॉन ओतताना उंचावरून, सुतासारखी बारीक धार सोडा. बुडबुडे धारेतच फुटतात. ओतायच्या आधी ब्रशने साच्याला पातळ थर लावला तर पृष्ठभागावर भोकं राहत नाहीत. मोजमाप वजनाने करा, अंदाजपंचे नको.

दोन भागांचं मिश्रण काही ठिकाणी घट्ट झालं, काही ठिकाणी चिकटच राहिलं. असं का?

दोन शक्यता. पहिली साधी: नीट ढवळलं गेलं नाही, भांड्याच्या कडेचा माल तसाच राहिला. दुसरी खोडकर. दोन भागांच्या सिलिकॉनला घट्ट करणारं रसायन प्लॅटिनमचं किंवा टिनचं असतं. प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधकाला घाबरतं. गंधक असलेली शिल्पाची माती, नैसर्गिक रबराचे हातमोजे, काही टेप, रेझिन प्रिंटरचे नीट न सुकलेले साचे, यांच्या संपर्कात आलेली बाजू कधीच घट्ट होत नाही. थांबून उपयोग नाही, खरवडून टाका. पुढच्या वेळी नायट्राइल या कृत्रिम रबराचे निळे हातमोजे घाला आणि आधी छोटा तुकडा ओतून बघा.

टिनवर घट्ट होणारा प्रकार इतका नखरेल नाही आणि स्वस्तही आहे, पण सुकताना किंचित आकसतो आणि अन्नाला लावायचा नाही.

जाडी किती ठेवायची?

रबर दबतं असं आपण म्हणतो, पण त्याचं आकारमान जवळजवळ बदलत नाही. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने फुगतं. म्हणून खोबणी रबराने पूर्ण भरलेली नसावी, फुगायला जागा हवी. ३ मिलिमीटर जाडीच्या गोल दोरीला साधारण २.४ मिलिमीटर खोल आणि ३.६ मिलिमीटर रुंद खोबणी बरोबर बसते. २० टक्के दाब मिळतो आणि बाजूला मोकळी जागाही उरते. न हलणाऱ्या सांध्याला १५ ते २५ टक्के दाब चांगला, सरकणाऱ्या किंवा फिरणाऱ्या भागाला १० ते १५. त्याहून जास्त दाबून "अजून घट्ट" करायला गेलात तर रबर कायमचं चपटं होतं आणि गळती पुन्हा सुरू.

कडकपणा शोअर ए या मापात मोजतात. बाजारातल्या ओ-रिंग बहुतेक ७० च्या, साच्यांसाठीचं सिलिकॉन २० ते ३० चं, म्हणजे बरंच मऊ. खडबडीत जागी मऊ बरं, दाब किंवा घर्षण असेल तिथे कडक.

कुकरची रिंग घरी करता येईल का? आमच्या जुन्या कुकरची मिळतच नाही.

नाही. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. शिट्टीच्या वेळी आत साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर जादा दाब असतो. म्हणजे झाकणावर आतून तीनशे किलोहून जास्त जोर, आणि वाफ १२० अंशांच्या आसपास. शिवाय काही कुकरमध्ये गास्केट हाच सुरक्षेचा भाग असतो: शिट्टी तुंबली तर झाकणाच्या काठावरच्या खाचेतून ते बाहेर फुगतं आणि वाफ सोडतं. घरी केलेली, थोडी जाड किंवा चिवट रिंग तिथे फुगणार नाही. रिंग मिळत नसेल तर कुकर बदला. नवा घेताना आयएसआय खूण बघा, आणि रिंग त्याच कंपनीची, त्याच मापाची घ्या.

गॅसच्या शेगडीचा किंवा रेग्युलेटरचा वायसर?

तोही नाही. सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग खराब वाटली तर वितरकाला सांगा, ते बदलून देतात. गॅसचा वास येत असेल तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, आणि १९०६ हा मदत क्रमांक. सिलिकॉनमधून वायू इतर रबरांपेक्षा सहज झिरपतो, म्हणून "वरून थोडं लावून बघू" हाही विचार नको.

मोटरसायकलच्या इंजिनाला सिलिकॉन लावतात ना मेकॅनिक?

लावतात, पण ते इंजिनासाठीचं, तेल सोसणारं, आणि बेताने. जास्त लावलं तर आतल्या बाजूला आलेली शेव तुटून तेलाच्या जाळीत अडकते आणि इंजिनाला तेल मिळेनासं होतं. खिडकीचं सिलिकॉन तिथे नको. पेट्रोलला तर कुठलंच साधं सिलिकॉन लावू नका. ते फुगून लिबलिबीत होतं. पेट्रोलसाठी नायट्राइल किंवा व्हिटॉन नावाचं रबर, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं तेव्हा जुन्या गाड्यांचे रबरी भाग बदलताना इथेनॉल सोसणारेच मागा.

कुठलं रबर कुठे, हे थोडक्यात: नायट्राइल तेलाला चांगलं, उन्हाला वाईट. ईपीडीएम ऊन आणि गरम पाण्याला चांगलं, तेलाला वाईट. शंका असेल तर रबराचा तुकडा त्याच द्रवात दोन दिवस बुडवून ठेवा आणि आधी-नंतर व्हर्नियरने मोजा. फुगला तर कळलंच.

शेतातल्या फवारणी पंपाच्या झाकणाचं गास्केट?

कंपनीचंच घ्या. औषधांत रबर फुगवणारे द्रावक असू शकतात, आणि ते झाकण गळलं तर सगळं पाठीवरच येतं.

सायकलची ट्यूब कापून वायसर करतात ते चुकीचं आहे का?

अजिबात नाही. ट्यूब बहुधा ब्युटाइल रबराची असते. हवा धरते, थंड पाण्याला उत्तम. नळ, बादलीपंप, टाकीचा सांधा, सगळीकडे चालते. तेलाला आणि फार गरम पाण्याला नको. जाडी हवी असेल तर ट्रकची ट्यूब घ्या. कापताना आधी आतली भोकं पंचने पाडा, मग बाहेरचा आकार. उलट केलंत तर तुकडा हातात फिरतो आणि भोक सरकतं. गुंतागुंतीच्या कडा असतील तर शीट त्या भागावरच ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने काठावर हलके ठोके द्या, रेघ आपोआप उमटते. गॅरेजमध्ये कागदी पॅकिंग असंच काढतात.

मोठ्या मापाची ओ-रिंग मिळत नाही. काय करू?

रबराची दोरी मीटरवर मिळते. ३ मिलिमीटरची दोरी आणि आतला व्यास ५० असेल तर मधला व्यास ५३, त्याला ३.१४ ने गुणा, साधारण १६६ मिलिमीटर. टोकं ४५ अंशांत तिरपी कापा म्हणजे जोड मोठा होतो. नायट्राइल असेल तर फेविक्विकचा एकच थेंब. जास्त लावलात तर जोड कडक होऊन तडकतो. सिलिकॉनच्या दोरीला फेविक्विक धरत नाही, तिला सिलिकॉननेच जोडा आणि एक दिवस द्या.

डब्यांना, बाटल्यांना, मिक्सरला लावलेलं घरगुती गास्केट खाण्याला सुरक्षित असतं का?

पॅकवर अन्नासाठी योग्य असं लिहिलेलं सिलिकॉन वापरलं आणि ते पूर्ण पक्कं झालं तरच. दोन भागांचं, प्लॅटिनमवालं सर्वांत बरं. ॲसिटिक असेल तर आंबट वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, मग गरम साबणाच्या पाण्याने धुवा. मिक्सरच्या झाकणाला चालेल. भांड्याच्या तळाशी पात्याखाली असतं ते फिरतं सील, ते घरी होत नाही.

फ्रीजच्या दाराचं?

त्यात चुंबकाची पट्टी असते, घरी ओतून होणार नाही. आधी दारात नोट अडकवून ओढून बघा. सहज निघाली तर त्या जागी गास्केट गरम पाण्याच्या फडक्याने किंवा हेअर ड्रायरने मऊ करून बाहेर ओढा आणि दार बंद ठेवा. बरेचदा एवढ्यानेच भागतं. छोटी चीर न्यूट्रल सिलिकॉनने बुजते.

सगळं नीट केलं तरी गळतं.

मग रबराला दोष देणं थांबवा आणि समोरचा धातू किंवा प्लास्टिक बघा. सरळ पट्टी आडवी ठेवा, मागून टॉर्च मारा. उजेड दिसला तर भाग वाकलाय. बोटाचं नख फिरवा, ओरखडा लागतो का बघा. नळाच्या बाबतीत तर नवा वायसर टाकून आठ दिवसांत पुन्हा टपटप सुरू झाली, तर पितळेची बसण, म्हणजे वायसर जिथे टेकतो ती कडा, झिजलेली असते आणि तिथे कितीही चांगलं रबर बसवलं तरी ते कापलंच जातं. बसण घासून सपाट करून घ्या किंवा नळ बदला. स्क्रू आवळतानाही एका बाजूने क्रमाने जाऊ नका. समोरासमोरचे, थोडे थोडे.